शेजारच्या पिस्तुलात

मित्रांनो, मला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी मी तुमच्या करंगळीच्या नखाहून फारसा मोठा नाही. पोलादाचा एक चपटा तुकडा, एका टोकाला मांजरीच्या नखासारखी वळलेली चोच आणि पाठीवर स्प्रिंग टेकायला एक खाच, एवढंच माझं शरीर. आता मी जुना झालो आहे. नगरच्या एका रायफल क्लबात, सामानाच्या कपाटातल्या पत्र्याच्या डबीत मी सुट्या स्क्रूंच्या आणि दमलेल्या स्प्रिंगांच्या संगतीत पडून असतो. शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण एसटीतून उतरणारी माणसं अजून नगरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

पिस्तुलाचा भाग म्हटल्यावर दचकू नका. मी ज्या पिस्तुलांत काम केलं ती खेळाची होती. पंचवीस मीटरवरच्या कागदी निशाणापलीकडे त्यांनी कधी काही पाहिलं नाही. गोळी सुटली की नळीत मागे रिकामी पुंगळी उरते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, झटक्यात मागे जातो, तेव्हा मी त्या पुंगळीची कड चोचीत धरून तिला बाहेर खेचतो. मागे इजेक्टर नावाचा खिळ्यासारखा एक भाग उभा असतो, तो तिला ठोकर मारून बाहेर उडवतो. मग पुढची गोळी आत येते. हे सगळं तुमची पापणी लवायच्या आत होतं. माझी चोच झिजली किंवा तुटली, तर पुंगळी सुटते आणि स्लाइडच्या तोंडात अडकून बसते. खेळ तिथेच थांबतो.

दूर परदेशातल्या एका कारखान्यात मला कापलं, घासलं, भट्टीत लालबुंद केलं आणि तेलात बुडवलं. त्या तेलातच माझ्यात ताकद आली. पुढे तेलकट कागदाच्या पुडीत गुंडाळून मला पाठवलं, आणि कितीतरी गोदामं, परवानग्या आणि शिक्के ओलांडत मी नगरला आलो. मला वाटलं होतं, उघडल्यावर एखादा कारागीर दिसेल. पण पुडी उघडली ती एका मुलीनं. तिच्या तळहातावर जुने, पांढुरके घट्टे होते. तिनं मला उजेडात धरलं आणि हसली.

"आला बाबा एकदाचा!" ती म्हणाली.

ती आरती. नेवासा आणि शेवगावच्या मधल्या एका कोरडवाहू गावची. तिचे आई-वडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, आणि ती लहान असताना तीही जायची. अंगात बळ येताच तिच्या हाती कोयता आला होता. घट्टे तेव्हाचे. पुढे ती नगरला कॉलेजात आली, एनसीसीच्या शिबिरात तिनं पहिल्यांदा रायफल धरली आणि तिथं कल्याण सरांनी तिला पाहिलं. कल्याण सर सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार, आता क्लबचे प्रशिक्षक. तेही तिच्याच भागातले. "माझ्या मातीतली पोरगी हाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांनीच तिला क्लबात आणलं, पिस्तूल हातात दिलं, उभं कसं राहायचं, श्वास कुठे धरायचा, बोट कसं ओढायचं ते शिकवलं. रेंजवरून निघताना आरती रोज त्यांच्या पाया पडायची.

क्लबात एकाच बनावटीची दोन पिस्तुलं होती, जुळ्या बहिणींसारखी. एक आरतीच्या वाटणीला, दुसरं अनन्याकडे. अनन्या नगरचीच, तिचे वडील शाळेत शिक्षक. दोघी शेजारच्या लेनवर उभ्या राहायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. आरतीच्या डब्यातला ठेचा अनन्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत खायची.

मी येण्याआधी आरतीचं पिस्तूल कित्येक महिने त्रास देत होतं. पाच-सात गोळ्या नीट जायच्या आणि मग पुंगळी स्लाइडच्या तोंडात उभी अडकायची, धुराड्यासारखी. सरांनी आणि तिनं मिळून एकेक कारण तपासलं होतं. नळीचं तोंड घासून काजळी काढली. दुसऱ्या पेटीतल्या गोळ्या वापरून पाहिल्या. गोळ्या भरायच्या मॅगझिनचे ओठ वाकले आहेत का ते पाहिलं, मागची मोठी स्प्रिंग बदलली. तरी अडकायचंच. शेवटी स्लाइड उघडून पाहिलं, तर आतल्या जुन्या एक्स्ट्रॅक्टरच्या चोचीचा कोपरा उडाला होता. मग माझी मागणी गेली. दोन मागवले होते, आला मी एकटाच.

मला बसवण्याचं काम सरांनी आरतीवरच सोपवलं. "तुझं पिस्तूल, तूच बसव. मी हात लावनार न्हाई." ती टेबलाशी बसली. जुना भाग निघताना त्याच्यामागची बारीक स्प्रिंग आणि तिच्या टोकाची टाचणीएवढी खीळ टुणकन उडाली आणि दोघी मुली फरशीवर रांगत ती शोधू लागल्या. अनन्याला ती खुर्चीच्या पायाशी सापडली. आरतीनं चिमट्यानं स्प्रिंग बसवली, खीळ टेकवली, मला खाचेत सरकवलं. एक रिकामी पुंगळी माझ्या चोचीत देऊन तिनं स्लाइड हलवून पाहिली. मी पुंगळी धरली. तिनं तेलाचा एक थेंब टाकला आणि कापसानं टिपून घेतला.

त्या दिवसापासून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. आरती पिस्तूल उचलायची तेव्हा तिच्या हातातली शांतता नळीतून माझ्यापर्यंत यायची. गोळी, झटका, पुंगळी बाहेर. गोळी, झटका, पुंगळी बाहेर. एकही पुंगळी मी हातची जाऊ दिली नाही. सराव संपला की ती मला घासायची आणि म्हणायची, "शाब्बास गड्या." कुणी मला गडी म्हणेल असं त्या परदेशी भट्टीत मला कधी वाटलं नव्हतं. सर पाठीमागे हात बांधून उभे असायचे. "आरते, अशीच मारत राहिलीस तर राज्यात नंबर हाय तुझा," ते म्हणायचे. मी सरांच्याही हातांवर विश्वास ठेवला होता. ज्या हातांनी आरतीला शिकवलं, ते हात चुकीचं काही करणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

राज्य स्पर्धा पुण्यात होणार होती. ती जवळ आली आणि अनन्याचं पिस्तूल कुरकुरू लागलं. अगदी तसंच, पुंगळी उभी अडकायची. जुळ्या बहिणींत एकीमागून दुसरीला ताप यावा तसं. अनन्याचे गुण त्या वेळी आरतीपेक्षा थोडे वर होते. नवीन भागाची वाट बघायला वेळ नव्हता. अनन्या रडवेली झाली. सर दोन दिवस तिचं पिस्तूल उघडून बघत राहिले.

मग एका दुपारी दोघी मुली जेवायला बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. सर सामानाच्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि दोन्ही पिस्तुलं टेबलावर शेजारी-शेजारी उघडली. मला वाटलं, स्पर्धेआधीची साफसफाई असेल. पण त्यांनी मला चिमट्यानं खाचेतून उपसलं. बाहेरून अनन्याच्या हसण्याचा आवाज येत होता. सरांनी मला शेजारच्या, अनन्याच्या पिस्तुलात बसवलं. मग डबीतून तो कोपरा उडालेला जुना भाग काढला, कानशीनं दोनदा घासला, मागे जरा कडक स्प्रिंग लावली आणि तो आरतीच्या पिस्तुलात, माझ्या जागी घातला.

"निभावून ने रे बाबा," ते त्या तुटक्या भागाला हळूच म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मित्रांनो, पोलादाला ओरडता येत नाही. ओरडता आलं असतं तर त्या दुपारी मी झाडाखाली ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलो असतो. संध्याकाळी सरांनी दोघींना पिस्तुलं दिली आणि आरतीला म्हणाले, "साफ केलंय सगळं. आता स्पर्धेपतूर उघडू नको. बसलेला भाग पुन्हा पुन्हा हलवला की बिघडतो." आरतीनं मान डोलावली, त्यांच्या पाया पडली आणि माझ्याविना असलेलं पिस्तूल उराशी धरून पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अनन्यानं सराव केला. मी माझं काम केलं. मला दुसरं काही येतच नाही. तिची पुंगळी अडकली नाही, एकदाही नाही. ती आनंदानं सरांकडे वळली.

"सर, माझं पिस्तूल एकदम सुतासारखं चालायला लागलं! काय केलंत?"

"भाग बदलला."

"नवीन? पण तो तर एकच आला होता ना?"

सरांनी फक्त निशाणाकडे बोट दाखवलं. "तू तिकडं बघ."

अनन्यानं शेजारच्या लेनकडे पाहिलं. आरती एका डोळ्यापुढची झापड नीट करत होती. अनन्यानं पिस्तूल टेबलावर टेकवलं. मला वाटलं, आता ती बोलेल. ज्या मुलीनं फरशीवर रांगत माझी खीळ शोधून दिली होती, ती नक्की बोलेल. तिनं तोंड उघडलंही. मग तिनं कानांवर संरक्षक लावले आणि निशाणाकडे वळली.

पुण्याला आम्ही गेलो. स्पर्धेचा पहिला टप्पा सावकाश मारायचा असतो. त्यात आरती अनन्याच्याही पुढे गेली. जुना भाग कसाबसा तग धरून होता. दुसऱ्या टप्प्याला रॅपिड म्हणतात. निशाण तीन सेकंद समोर येतं, तेवढ्यात हात वर करून एक गोळी मारायची, हात खाली घ्यायचा आणि पुन्हा निशाणाची वाट बघायची. तिथे पिस्तुलाला दया नसते. मी अनन्याच्या हातात, दोन लेन सोडून पलीकडे होतो. पाच गोळ्यांच्या एका मालिकेत आरतीच्या लेनवरून गोळीचा आवाज यायला हवा होता, तो आलाच नाही. पुंगळी अडकली होती. तिनं मोकळा हात वर केला. पंच आले, तपासलं, मालिका पुन्हा मारू दिली. नियमात तेवढी सूट असते, पण एकदाच. थोड्या वेळानं तिच्या लेनवर पुन्हा तशीच शांतता झाली. या वेळी न सुटलेल्या गोळ्या शून्य धरल्या गेल्या. शेवटच्या मालिकेत पुन्हा तेच.

माझ्या चोचीतून मात्र पुंगळ्या एकामागून एक उडत होत्या. एक तर उडून थेट मधल्या जाळीला लागली आणि टिणकन वाजली. त्या आवाजाची मला शिसारी आली. अनन्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडली गेली. आरतीचं नाव यादीच्या तळाशी कुठेतरी होतं.

बाहेर आल्यावर आरती सरांसमोर उभी राहिली. ती रडत नव्हती.

"सर, कशानं झालं? भाग तर नवा हाय."

सरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. खरं सांगायला तो क्षण पुरेसा होता, मित्रांनो. पण ते म्हणाले, "पिस्तुलाचा दोष न्हाई पोरी. तुझं मनगट ढिलं पडतंय. हात ढिला असला की स्लाइडला जोर मिळत न्हाई, पुंगळी अडकते. दडपन आलं की हुतं असं. पिस्तूल उघडत बसू नको, हाताकडं बघ."

तसं होऊ शकतं, हे खरं आहे. ढिल्या हातात पिस्तूल अडकतं. म्हणून तर हे खोटं इतकं खऱ्यासारखं वाटलं. आरतीनं ते जसंच्या तसं घेतलं. नगरला परतल्यावर ती पाण्यानं भरलेल्या बाटल्या हातात धरून उभी राहायची. रबराचा चेंडू दाबायची. एसटीत, वर्गात, जेवताना, तिच्या हातात तो चेंडू असायचा. घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी म्हशींच्या टेम्पोंमध्ये एसटी तासन्तास अडकते. तेवढा वेळही ती चेंडूच दाबत बसली होती, असं तिनं अनन्याला सांगितलं. मनगट सुजलं. तिनं पट्टी बांधली आणि तरीही मारत राहिली. आणि तरीही पुंगळी अडकत राहिली. पुढे पुढे तर ती गोळी मारायच्या आधीच स्लाइडकडे बघू लागली. निशाणावरची तिची नजर गेली. मी शेजारच्या पिस्तुलातून हे रोज पाहत होतो.

एकदा सामानाच्या खोलीत तिच्या आईचा, झुंबरबाईंचा फोन आला. त्या तेव्हा एका साखर कारखान्याच्या हद्दीत उसाच्या फडावर होत्या. आरतीच्या हाताला तेल लागलं होतं, म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"कसं चाललंय गं तुजं?"

"न्हाई जमत, आई. सर म्हनत्यात, मनगट ढिलं हाय माजं."

पलीकडे उसाचं पाचट वाजत होतं. झुंबरबाई म्हणाल्या, "तुजं मनगाट? अगं, माज्या बराबरीनं उसाची पात धरायचीस तू. कोयत्याच्या एका घावात ऊस पडायचा तुज्या हातनं. कुनी सांगितलं तुला?"

"सरांनी."

"मंग सरांना म्हनावं, यिऊन बगा फडात," झुंबरबाई म्हणाल्या. कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आरती बराच वेळ आपल्या उजव्या मनगटाकडे बघत बसली. मग तिनं पट्टी सोडली. सरांनी उघडू नको म्हटलेलं पिस्तूल तिनं पुढ्यात ओढलं आणि स्लाइड उतरवली. अनन्या समोरच बसून तिचं पिस्तूल साफ करत होती. माझी स्लाइड तिच्या हातातच होती.

आरतीनं आत पाहिलं. नख लावून पाहिलं. तो उडालेला कोपरा तिच्या नखाला लागला. जो भाग तिनं स्वतः उपसून डबीत टाकला होता, तो तिला ओळखता येणार नाही असं होणारच नव्हतं.

"अनन्या," ती म्हणाली, "तुजी स्लाइड दे बरं जरा."

अनन्या हलली नाही. आरतीनं हात पुढे केला आणि स्लाइड तिच्या हातातून सोडवून घेतली. उजेडात धरली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मला इतका जवळून दिसला.

"ह्यो मी बसवलेला हाय."

अनन्या खाली बघत होती.

"तुला ठाव हुतं?"

"पहिल्या दिवशी नव्हतं."

"कवापास्नं?"

"दुसऱ्या दिवसापासून." अनन्याचा आवाज अगदी बारीक झाला. "पुण्याला जायच्या आधीपासून. आरती, मी सांगणार होते. रोज ठरवत होते."

"मी बाटल्या उचलत हुते तवा बी ठाव हुतं?"

अनन्यानं होकारार्थी मान हलवली. त्या वेळी सर दारात येऊन उभे राहिले. उघडलेली दोन्ही पिस्तुलं त्यांनी पाहिली आणि त्यांना सगळं कळलं. ते ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि जड आवाजात बोलू लागले.

"आरते, ऐकून घे. दोन्ही पिस्तुलांचे जुने भाग गेले हुते. चांगला भाग एकच. तसंच ठिवलं असतं, तर अनन्याचं पिस्तूल अडकलं असतं. अनन्याचे गुन वर हुते. क्लबातनं एक तरी पोरगी पुढं जावी म्हनून केलं मी. मला वाटलं, तुझ्यातला जुना भाग घासून निभावंल. तुझ्यापुढं अजून लई वर्षं हायेत."

"मंग मला सांगायचं हुतं, सर." आरतीचा आवाज चढला नाही. "तुमी नुसतं म्हनला असता, आरते, काढून दे, तर माज्या हातानं काढून दिला असता मी. तिच्या पिस्तुलात मीच बसवला असता. भाग नेला त्याचं न्हाई मला. माज्या हाताला कशापायी नाव ठिवलं?"

सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली.

आरतीनं माझी स्लाइड अनन्यासमोर ठेवली. आपलं पिस्तूल जोडलं, पुसलं, पेटीत बंद करून कपाटात ठेवलं. सर उठून उभे राहिले होते. ती त्यांच्या शेजारून गेली. त्या दिवशी ती पाया पडली नाही. सरांचा हात आशीर्वादाच्या सवयीनं अर्धा वर उठला होता, तो तसाच राहिला.

त्यानंतर ती बरेच महिने आली नाही. सर फोन करायचे, ती उचलायची नाही. मी अनन्याबरोबर राष्ट्रीय स्पर्धेला गेलो. तिथेही एकही पुंगळी अडकू दिली नाही. अनन्याला पदक मिळालं नाही, पण भारतीय संघाच्या निवड चाचणीसाठी तिचं नाव लागलं, आणि नगरला परतल्यावर क्लबात मोठा सत्कार झाला. क्लबचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी सरांना शाल घातली. सरांनी ती घडी करून बाजूला ठेवली, अंगावर राहू दिली नाही. मग अनन्याला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी तिच्या पायाशी, पेटीत होतो. आदल्या दिवशी मला साफ करताना तिनं स्वतःशी म्हटलं होतं, "उद्या सगळ्यांसमोर सांगणार मी." मी त्या वाक्याची वाट बघत होतो. अनन्यानं आई-वडिलांचे आभार मानले. सरांचे मानले. मग ती पायाशी असलेल्या पेटीकडे बघत खूप वेळ तशीच उभी राहिली. लोकांना वाटलं, भारावून गेली. टाळ्या वाजल्या आणि ती खाली बसली.

माणसांच्या टाळ्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत, मित्रांनो. त्या दिवसाइतक्या त्या मला कधी टोचल्या नव्हत्या.

पुढे परदेशातून भागांची मोठी खेप आली. एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंगा, सगळंच. अनन्याच्या पिस्तुलाची पूर्ण दुरुस्ती झाली. राष्ट्रीय स्पर्धा, चाचण्या आणि रोजचा सराव यांत माझी चोच गोल झाली होती. मला काढून या डबीत टाकलं. माझ्या जागी आलेला माझाच धाकटा भाऊ म्हणायचा, चकचकीत आणि अबोल.

आणि एका सकाळी आरती परत आली. ती आधी आप्पासाहेबांना भेटली होती. पिस्तूल तिच्या नावे ठेवावं आणि ते उघडणं, जोडणं तिनं स्वतःच करावं, एवढंच तिनं मागितलं होतं आणि ते मिळालं होतं. सर रेंजवर होते. तिला पाहून ते चार पावलं पुढे आले.

"आलीस? बरं झालं. उद्यापासनं लेनवर..."

"मी माझं माझं मारीन, सर," ती म्हणाली. शब्द आदराचे होते. पण ती थांबली नाही. सर तिथेच उभे राहिले.

ती सामानाच्या खोलीत आली, नव्या भागाची पुडी उघडली. मागे दारात अनन्या येऊन उभी राहिली होती. आरतीला बारीक खीळ हवी होती, म्हणून तिनं ही पत्र्याची डबी तळहातावर उपडी केली. स्क्रू, स्प्रिंगा, आणि त्यात मी. तिच्या बोटांनी मला लगेच वेगळं केलं. तिनं मला उजेडात धरलं. त्या क्षणी मला वाटलं, आता ती मला घेईल. माझी जागा मला परत मिळेल. झिजलो असलो तरी तिच्या हातात मी पुन्हा पुंगळ्या ओढीन.

"तोच ना?" अनन्यानं दारातून विचारलं. "आरती, तो तुझा आहे. घे ना तू."

आरतीनं अंगठ्यानं माझी गोल झालेली चोच चाचपली.

"तुज्या पिस्तुलात झिजला ह्यो," ती म्हणाली. "माज्यात आता बसायचा न्हाई."

तिनं मला कापसानं पुसलं आणि डबीत ठेवलं. मग नवा भाग घेतला, स्प्रिंग टेकवली, खीळ बसवली आणि पुंगळी चोचीत देऊन स्लाइड हलवून पाहिली. अनन्या थोडा वेळ उभी होती. नंतर निघून गेली.

आता मी इथेच असतो. कपाटाच्या दाराच्या फटीतून मला लेनचे आवाज येतात. आरतीच्या लेनवरचा आवाज मी ओळखतो. तिथे मध्येच शांतता होत नाही. तिची पुंगळी फरशीवर पडते, मग दुसरी पडते, मग तिसरी. त्या लेनच्या मागे कुणी उभं नसतं.

मित्रांनो, वस्तू झिजतात. आम्हाला बदला, आमच्या जागी नवे भाग बसवा, आम्हाला त्याचं दुःख नाही. पण ज्याचं काही काढून घेताय, त्याला तोंडावर सांगा. आणि एखाद्याचं यंत्र अडलं, तर त्याच्या हाताला दोष देण्याआधी एकदा ते उघडून पाहा. एवढं माझं ऐका, आणि कधी ही डबी तुमच्या हाती आली, तर गंज चढू नये म्हणून मला तेलाचा एक थेंब द्या.